गुरूच्या पोटाचं चित्र काढताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात गुरू ग्रहाची प्रतिकृती दिसली की मी आधी तिचा काप बघतो. वर पिवळसर वायू, मध्ये निळा समुद्र, तळाशी गोटा आणि प्रत्येक थराला काळी ठसठशीत रेघ. दर वर्षी तेच.

ती रेघ मीही काढायचो. तारकर्लीच्या पुळणीवर दुर्बिणीतून गुरू दाखवताना एकदा मुलांना म्हणालो, ‘आत हायड्रोजनचा समुद्र आहे.’ शेजारी रापण आवरणाऱ्या काकांनी विचारलं, “मास्तरांनू, मगे त्या दर्याच्यो लाटा खंय फुटतत?” मला उत्तर सुचेना. लाट फुटायला वर हवा, खाली पाणी असा भेद लागतो, आणि गुरूवर तो नाही. उणे 240 अंशांपेक्षा उबदार हायड्रोजन कितीही दाबा, वायू संपून द्रव सुरू होतो अशी जागाच येत नाही. तो नुसता दाट होत जातो. गॅलिलिओ यानानं सोडलेलं उपकरण 7 डिसेंबर 1995 ला गुरूत शिरलं, जेमतेम तासभर माहिती पाठवत राहिलं आणि हवेच्या दाबाच्या साधारण 22 पट दाबाशी गप्प झालं. पृष्ठभाग त्याला लागलाच नाही.

तेव्हापासून मी परकार घेत नाही. पेन्सिल आडवी धरून, बोटानं पुसत आतपर्यंत गडद करत नेतो. अर्धा तास जातो. इंटरनेटवरचं चित्र छापून डकवणाऱ्यांना तेवढाही धीर नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी चूक दाबाच्या आकड्यांची. ‘लाखो पट’ लिहून मोकळं होऊ नका. मालवणात स्कूबाला उतरणाऱ्याला विचारा: दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. या हिशेबानं गुरूच्या पोटातल्या 10 लाख वातावरणांच्या दाबासाठी 10,000 किलोमीटर खोल समुद्र लागेल. पृथ्वीची त्रिज्याच 6,371 किलोमीटर आहे! मी हा गुणाकार मुलांकडून फळ्यावर करून घेतो, तयार सांगत नाही.

एवढ्या दाबाखाली हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन आपापल्या अणूंशी बांधलेले राहत नाहीत, मोकळे फिरतात, म्हणून तो धातू. विग्नर आणि हंटिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञांनी हे भाकीत 1935 मध्येच केलं होतं. धातू म्हटलं की मुलं लोखंडाचा गोळा रंगवतात. पारा आठवा! गुरूतला हा धातू वाहता आहे, आणि त्याच्या घुसळणीतूनच ग्रहाचं प्रचंड चुंबकीय क्षेत्र उभं राहतं.

वस्तुमान तिप्पट म्हणजे आकारही तिप्पट, असं धरू नका. गुरू शनीच्या तिपटीहून जड, पण रुंदीला थोडाच मोठा, कारण स्वतःच्याच वजनानं तो दबतो.

युरेनस-नेपच्यूनच्या पोटातला ‘बर्फ’ (पाणी, अमोनिया, मिथेन यांच्या दाट मिश्रणाला दिलेलं नाव) पांढरा-थंड रंगवू नका. तो हजारो अंश तापलेला असतो.

आणि हिऱ्यांच्या पावसापासून, म्हणजे या दोन ग्रहांच्या आत दाबानं कार्बनचे हिरे होऊन खाली पडत असावेत या अंदाजापासून, सुरुवात करू नका. नवशिक्यांना तोच आधी हवा असतो. 2017 मध्ये कार्बन आणि हायड्रोजन असलेल्या प्लास्टिकवर लेझरचे धक्के देऊन प्रयोगशाळेत इवलेसे हिरे घडवले, एवढं पक्कं आहे. नेपच्यूनवर ते पडताना कोणी पाहिलेले नाहीत.