परीकथेची चित्रं काढताय? इवान बिलीबिन यांची पानं नीट पाहा आणि या चुका टाळा

परीकथेत काय, काहीही चालतं, असं मनाशी धरून चित्रकार कागदासमोर बसला की पुस्तक तिथेच बिघडायला लागतं. या क्षेत्रात येणारी तरुण मंडळी अनेकदा रशियन चित्रकार इवान बिलीबिन यांची चित्रं मोबाइलवर साठवून ठेवतात आणि तशीच काळी रेघ, तसेच सपाट रंग, तशीच नक्षीची चौकट काढायला घेतात. चित्र सुटं पाहिलं तर देखणं दिसतं. पुस्तकात छापून आलं की मात्र निर्जीव वाटतं. बिलीबिन यांनी काम कसं केलं हे समजून घेतलं, तर यातला बराचसा घोटाळा आधीच टळतो.

सगळं मनाने रचणं

बाबा यागा ही रशियन कथांमधली चेटकीण. ती उखळात बसून उडते, मुसळाने उखळ हाकते आणि झाडूने आपला माग पुसत जाते. तिचं घर कोंबडीच्या पायांवर उभं असतं. एवढं अचाट वर्णन हाताशी असताना गावं बघत कशाला हिंडायचं, असं कुणालाही वाटेल. बिलीबिन यांना तसं वाटलं नाही. 1876 साली सेंट पीटर्सबर्गजवळ जन्मलेल्या या माणसाने कायद्याचं शिक्षण घेतलं, 1898 मध्ये म्युनिकला अँटोन आझ्बे यांच्या चित्रशाळेत काही काळ काढला आणि पुढे नामवंत रशियन चित्रकार इल्या रेपिन यांच्या हाताखाली चित्रकला शिकली. 1899 मध्ये ते त्वेर प्रांतातल्या येग्नी या खेड्यात जाऊन राहिले. परीकथांची चित्रं सुरू झाली ती तिथे, खऱ्या जंगलात आणि खऱ्या लाकडी घरांच्या सोबतीत.

त्याहून महत्त्वाचं पुढेच आहे. 1902 ते 1904 या काळात ते व्होलोग्दा, ओलोनेत्स आणि अर्खान्गेल्स्क या उत्तरेकडच्या प्रांतांत हिंडले. रशियन म्युझियमसाठी जुने कपडे, भरतकाम, कोरीव लाकडी वस्तू गोळा केल्या, लाकडी चर्चचे फोटो काढले. त्या भागातल्या लोककलेवर 1904 मध्ये लेखही लिहिला. 1901 ते 1903 दरम्यान निघालेली परीकथांची पुस्तकं आणि या भटकंतीनंतर 1905 मध्ये आलेली रशियन कवी पुश्किनच्या झार साल्तानच्या कथेची चित्रं शेजारी शेजारी ठेवा. आधीच्या पुस्तकांत जंगल जिवंत आहे. साल्तानमध्ये माणसांच्या अंगावरचं कापड, शिरोभूषणं, भिंती, खांब हे सगळंही तितकंच ठाम झालेलं दिसतं. उखळ खरं वाटलं, तरच त्याचं उडणं पाहणाऱ्याला चकित करतं.

तेव्हा कोकणातली कथा असेल, तर इंटरनेटवरच्या ‘गावाच्या घरा’वरून घर काढू नका. पडवीची उंची किती, कौलांची ओळ कुठे मोडते, जातं घरात कुठे मांडलेलं असतं, हे स्वतः जाऊन पाहा आणि वहीत उतरवून घ्या.

याच्या उलटी चूकही होते: जमवलेलं सगळं एकाच पानात कोंबणं. माझ्या मते साल्तानमध्ये स्वतः बिलीबिनही कधीकधी या काठावर येतात. काही पानांवर नक्षी इतकी दाटते की माणसं रंगमंचावर उभी केल्यासारखी ताठ दिसतात. पानावर नजर कुठे आधी जावी हे ठरवा आणि त्या जागेच्या आसपास नक्षी मोकळी सोडा.

सगळ्यात भडक क्षणच निवडणं

वासिलिसा या मुलीच्या रशियन परीकथेत शेवटी बाबा यागाकडून आणलेल्या कवटीच्या डोळ्यांतल्या आगीने सावत्र आई आणि बहिणी जळून खाक होतात. नवखा चित्रकार नेमकं तेच काढेल. बिलीबिन यांचं जे चित्र डोळ्यांसमोर राहतं, त्यात वासिलिसा काठीवर पेटती कवटी घेऊन निघालेली आहे आणि मागे चेटकिणीचं घर आहे. काय होणार हे मुलाला कळलेलं नसतं, त्यामुळे पान उलटण्याची ओढ लागते.

याच कथेत पांढरा, तांबडा आणि काळा असे तीन घोडेस्वार येतात: दिवस, सूर्य आणि रात्र. मजकुरात प्रत्येकाला जेमतेम दोन-चार ओळी मिळतात. बिलीबिन यांनी मात्र तिघांची स्वतंत्र चित्रं केली. गोष्ट जिथून भरभर पुढे जाते तिथे चित्र थांबू शकतं, हे ज्याला उमगलं तो पुस्तकाचा चित्रकार झाला. संहिता हातात आली की घटनांवर खुणा करण्याआधी लेखक कुठे घाईत आहे ते शोधा.

रेघ आणि रंग छपाईचा विचार न करता वापरणं

बिलीबिन यांची ती प्रसिद्ध रेघ टाकाची नाही. आधी पेन्सिलचा आराखडा, तो पारदर्शक कागदावरून चांगल्या कागदावर उतरवलेला, मग टोक तिरकं कापलेल्या केसाळ ब्रशने शाईची रेघ आणि शेवटी आत जलरंगाचे सपाट थर. हात इतका स्थिर की सहकारी त्यांना ‘लोखंडी हाताचा इवान’ म्हणत.

ही पद्धत हौसेपोटी आलेली नव्हती. त्यांची पहिली पुस्तकं सरकारी कागदपत्रं आणि नोटा छापणाऱ्या छापखान्यात तयार झाली आणि रंगीत शिळाछपाईत प्रत्येक रंग वेगळा चढतो. रंग किंचित सरकला तरी जाड, बंद रेघ तो पोटात घेते. सपाट रंग त्या छपाईला मानवतात. थोडक्यात, त्यांची शैली कागद, शाई आणि यंत्र ओळखून घडलेली होती.

आपल्याकडे सध्या नेहमी येणाऱ्या अडचणी याच जागी आहेत.

काळी रेघ छापल्यावर जाड, धुरकट दिसते: फाइलमध्ये तो काळा छपाईच्या चारही शायांचा (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) बनलेला असतो. रजिस्टर, म्हणजे या शायांचं एकमेकींवर नेमकं बसणं, थोडं हललं की रेघेला रंगीत कडा येतात. रेघेचा थर वेगळा ठेवा, तो फक्त काळ्या शाईत द्या आणि ओव्हरप्रिंट करायला, म्हणजे बाकी रंगांच्या वरून छापायला, छापखान्याला सांगा.

स्क्रीनवरचा झगमगता हिरवा-निळा कागदावर मळकट होतो: तो रंग चार शायांत बसतच नाही. काम सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शायांच्या रंगपद्धतीत, सुरू करा, शेवटी बदलू नका.

रात्रीची दृश्यं काळवंडतात: मॅपलिथो हा लेप नसलेला कागद शाई पितो, ठिपके पसरतात, गडद छटा एकमेकींत बुडतात. आर्ट पेपरसाठी, म्हणजे गुळगुळीत लेपाच्या कागदासाठी, केलेली फाइल तशीच मॅपलिथोवर देऊ नका. गडद भाग मोकळे करा, छटांमधलं अंतर वाढवा.

चौकट शेवटी चिकटवणं

बिलीबिन यांची चित्रं पुष्कळदा चौकट कापून फिरवली जातात, हे मला फार खटकतं. त्यांची चौकट चित्राबरोबरच रचलेली असते. रंग आणि आकार आत-बाहेर एकमेकांना उत्तर देतात. तयार नक्षीची पट्टी चित्राभोवती फिरवली की फक्त लग्नपत्रिका तयार होते.

यात एक तांत्रिक सापळाही आहे. चौकट पानाच्या कडेला खेटून असली, तर कटिंगमधली एक-दोन मिलिमीटरची चूकही लगेच डोळ्यांत भरते. कडेपासून निदान 8 ते 10 मिलिमीटर आत या. बांधणीकडची बाजू आणखी मोकळी ठेवा, नाहीतर अर्धी चौकट शिवणीत जाईल. रंग कडेपर्यंत जाणार असेल, तर 3 मिलिमीटर ब्लीड द्या, म्हणजे रंग कापण्याच्या रेषेबाहेर तेवढा वाढवा.

दुसऱ्याची शैली वरवर उचलणं

साल्तानच्या कथेत राणी आणि तिच्या बाळाला पिंपात घालून समुद्रात सोडतात, त्या चित्रातली लाट पाहिली की जपानी चित्रकार होकुसाईची प्रसिद्ध लाट आठवल्याशिवाय राहत नाही. जपानी ठसेचित्रं आणि रशियातली स्वस्त, लोकप्रिय लुबोक चित्रं, दोन्हींतून बिलीबिन शिकले. पण जे घेतलं ते त्यांनी आपल्या गोष्टीच्या कामाला लावलं. पुढे 1920 मध्ये देश सोडून ते इजिप्तला गेले, 1925 मध्ये पॅरिसला पोहोचले. तिथे फ्रेंच प्रकाशकांसाठी परीकथा चितारल्या, 1936 मध्ये लेनिनग्राडला (म्हणजे सेंट पीटर्सबर्गला) परतले आणि 1942 च्या फेब्रुवारीत जर्मन सैन्याने शहराला घातलेल्या वेढ्यात उपासमारीने गेले. इतक्या उलथापालथीत त्यांची रेघ टिकली, कारण ती दुसऱ्याकडून मागून आणलेली नव्हती.

तुमच्या चित्रात त्यांची चौकट आणि बर्चची झाडं येत असतील, तर एक पान या दोन्हींशिवाय काढून पाहा. जे उरतं त्यावर काम करा. आणि सगळी पानं काढून झाल्यावर छपाईला देण्याआधी त्याच कागदावर निदान दोन पानांचं प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, मागा, एक दिवसाच्या दृश्याचं, एक रात्रीच्या. ते उन्हात न धरता, मूल वाचतं तशा घरातल्या दिव्याखाली, हातभर अंतरावरून तपासा.