नागपूरच्या उन्हाळ्यात फर्न कसे जगवावे

मे महिन्यात फर्न करपतो तेव्हा कुंडीतली माती बहुधा ओलीच असते. पारा ४५ अंशांवर गेला की हवा इतकी कोरडी होते, की पानांतून उडून जाणारे पाणी बारीक मुळांना भरून काढता येत नाही. कडा तपकिरी दिसल्या की लोक घाबरून आणखी पाणी ओततात आणि मग मुळे कुजतात. म्हणून पाण्याइतकीच पानांभोवतीच्या ओलाव्याची काळजी घ्यावी लागते.

पहिल्यांदाच लावणार असाल तर नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया घ्या. बॉस्टन फर्नचाच हा भाऊबंद, पण जमिनीखाली पाणी साठवणाऱ्या गाठी असल्याने जास्त चिवट. बर्ड्स नेस्ट फर्नची जाड पाने घरट्यासारखी गोलाकार उगवतात, तो घरात बरा राहतो. त्याला पाणी कडेने द्या, मधल्या घरट्यात साचले तर कोंब सडतो. काळ्या चकचकीत देठांचा हंसराज सर्वांत देखणा आणि सर्वांत नाजूक. ॲस्परॅगस फर्न म्हणून विकतात ती शतावरीची जात आहे, फर्न नव्हे. तिला हे नियम लावू नका. आणि मध्य प्रदेशातल्या पचमढीच्या दरीतून फर्न उपटून आणण्याचा मोह आवरा. ते जंगल संरक्षित आहे, शिवाय तिथली गार दमट हवा इथे मिळत नाही.

खरेदी आणि कुंडीबदल जुलैत करा. आठ इंची कुंडीसाठी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पानकुजीचे खत, एक भाग विटांचे किंवा कोळशाचे बारीक तुकडे. कोकोपीट आधी दोनदा धुऊन पिळून घ्या, त्यात क्षार असतात. आपली काळी माती अजिबात नको: ओली असताना चिकटते, वाळली की भेगाळते आणि मुळे तुटतात. जुना गड्डा विभागताना प्रत्येक भागाला खोडाचा तुकडा आणि चार-पाच पाने ठेवा. गुंडाळलेले कोंब जिथून निघतात तो भाग मातीच्या पातळीवर हवा, पुरला तर सडतो.

मार्च संपता संपता उन्हाळी व्यवस्था करा. फर्न प्लास्टिकच्या कुंडीत ठेवून ती कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत बसवा, मधल्या जागेत वाळू भरा आणि ती रोज भिजवा. माठासारखी बाहेरची कुंडी पाझरत राहते, त्यामुळे मुळे गार राहतात आणि पानांना दमट हवा मिळते. जागा पूर्वेच्या व्हरांड्यातली, वर ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी. कूलर चालणारी खोली फर्नला मानवते, पण थेट झोतात ठेवू नका. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या अतितप्त नऊ दिवसांत, तर बाहेरचे फर्न आतच घ्या.

पाणी सकाळी, वरची माती बोटाला जेमतेम ओली लागेल तेव्हाच. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी झाडांना घालायची सवय असेल तर फर्न वगळा: पाणी उडून जाते, क्षार टाकीतच साठत जातात. आरओ जलशुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणीही तसेच. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतात. खत पावसाळ्यातच: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले विद्राव्य खत), लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा. एप्रिल ते जून काही देऊ नका.

पानामागे तपकिरी ठिपके दिसले की फवारणी करण्याआधी पान उलटून नीट पाहा. ठिपके नक्षीसारखे ओळीत असतील तर ते बीजाणूंचे पुंज आहेत. फर्नला फुले-बिया नसतात, वंश यांतूनच वाढतो. वेडेवाकडे, देठावरही पसरलेले आणि नखाने खरवडल्यावर चिकट निघणारे ठिपके म्हणजे खवले कीड. ती ओल्या कापसाने पुसून काढा. तेलकट औषधांनी फर्नची पाने भाजतात.

हंसराज पूर्ण वाळला तरी लगेच फेकू नका. सगळे देठ मातीलगत कापा, कुंडी सावलीत ठेवून माती जेमतेम ओलसर राखा. खोड टणक असेल तर काही आठवड्यांत नवे कोंब येतात. मऊ पडून वास येत असेल तर कुंडी रिकामी करा.