तिकीट आपलं आपणच फाडायचं: हिल्सबरोला लेकीकडे आलेल्या आईबापांसाठी मॅक्स आणि बस

एसटीत चौतीस वर्षं काढली. त्यातली एकवीस कंडक्टर म्हणून, उरलेली सातारा स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. आणि अमेरिकेत लेकीकडे आल्यावर पहिले तीन आठवडे मी हॉलच्या खिडकीशी बसून काढले. लेक-जावई सकाळी कामावर, जावई इंटेलमध्ये. मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळं कुठं जायचं तर शनिवारची वाट बघायची. घरापासून चालत बारा मिनिटांवर ओरेन्को स्टेशन आहे हे मला कळलं, ते आमच्या सौभाग्यवती एक दिवस भाजीच्या शोधात रस्ता चुकल्या म्हणून. तुमची मुलं हिल्सबरो-बीव्हर्टनकडं राहत असतील तर ते तीन आठवडे तुमचे तरी वाचावेत, म्हणून हे लिहितोय.

इथलं मोठं शहर ऑरेगन राज्यातलं पोर्टलंड. ते आणि हिल्सबरोसारखी आसपासची गावं यांतली बस आणि रेल्वे चालवते ती ट्रायमेट. त्यांच्या हलक्या रेल्वेला मॅक्स म्हणतात. मुंबईची लोकल डोळ्यांपुढं आणू नका. ही कुठं आगगाडीसारखी स्वतंत्र रुळांवरून पळते, कुठं भर बाजारपेठेत मोटारींच्या शेजारून सिग्नलला थांबत जाते. डबे फक्त दोन. मला वाटलं होतं, गर्दी नाही म्हणून. खरं कारण वेगळंच निघालं. पोर्टलंडच्या मध्यवस्तीत एका चौकापासून दुसरा चौक जेमतेम दोनशे फुटांवर आहे. तीन डबे लावले तर गाडी थांब्यावर उभी राहिली की तिची शेपटी चौकात येईल. वेळापत्रक बसवणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी फार आवडतात.

एकूण पाच मार्ग, रंगांवरून ओळखायचे. आपल्या बाजूचे दोनच, निळा आणि लाल. निळा सगळ्यांत जुना. १९८६ साली तो पोर्टलंडपासून पूर्वेला ग्रेशमपर्यंत सुरू झाला आणि १९९८ मध्ये डोंगर पोखरून इकडं हिल्सबरोपर्यंत आला. हिरवा, पिवळा आणि नारिंगी हे शहरात गेल्यावरच लागतात, आत्ता त्यांचा विचार करू नका.

आता तिकीट. इथं नीट लक्ष द्या, कारण इथंच मी तोंडावर आपटलो.

गाडीत कंडक्टर नाही आणि स्टेशनला फाटकही नाही. फलाटावर खांबावर एक यंत्र असतं, त्याला हॉप कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवलेलं प्रवासाचं कार्ड, टेकवायचं. टुंग वाजलं, हिरवं झालं की तिकीट फाडलं असं समजा. उतरताना परत टेकवायचं नाही. त्यापुढं अडीच तास तुम्ही मॅक्स बदला, बस बदला, उलटे परत या, तेच तिकीट चालतं. मात्र प्रत्येक वेळी चढताना कार्ड टेकवायचंच. अडीच तासांच्या आत असाल तर पैसे पुन्हा कापले जात नाहीत.

२०२४ च्या जानेवारीपासून मोठ्या माणसाचं तिकीट २ डॉलर ८० सेंट आहे. पासष्टच्या पुढच्यांना अर्धं, म्हणजे १ डॉलर ४० सेंट. आपल्या एसटीत पासष्ट ते पंचाहत्तरला अर्धं असतं, तसंच. फक्त पंचाहत्तरनंतर फुकट हा प्रकार इथं नाही. ज्येष्ठांना हे लोक 'ऑनर्ड सिटिझन' म्हणतात, आणि त्या नावाचं हॉप कार्ड वयाचा पुरावा दाखवून काढावं लागतं. आमचा अर्ज लेकीनं भरून दिला. ते कार्ड हातात येईपर्यंत फलाटावरच्या यंत्रातून ऑनर्ड सिटिझनचं कागदी तिकीट काढा आणि वय दाखवणारं ओळखपत्र खिशात ठेवा. जावयाचं बँकेचं कार्ड किंवा फोन टेकवूनही जाता येतं, पण मग पूर्ण तिकीट कापलं जातं. यंत्राला तुमचे पांढरे केस दिसत नाहीत.

कार्डाचा आणखी एक फायदा. ज्येष्ठांच्या कार्डावर दिवसाला २ डॉलर ८० आणि महिन्याला २८ डॉलर कापले गेले की पुढचा प्रवास फुकट. पास आधी काढायचा, मग तो वसूल होईल का याची चिंता करायची, ही भानगडच नाही. चौतीस वर्षं पासांचे अर्ज तपासलेत मी. इतकी साधी सोय बघून जरा हेवाच वाटला.

आता माझी फजिती. पहिल्या दिवशी एकच कार्ड आम्ही दोघांसाठी दोनदा टेकवलं. एकदा माझं, एकदा हिचं, असा माझा हिशेब. यंत्राच्या लेखी ते एकाच माणसाचं तिकीट होतं. बीव्हर्टनच्या पुढं तपासनीस चढला आणि आमच्या सौ. विनातिकीट निघाल्या! जन्मभर दुसऱ्यांना पकडणाऱ्या माणसाची बायको. त्या भल्या माणसानं समजावून सांगून सोडून दिलं. हिनं मात्र ती गोष्ट साताऱ्यापर्यंत पोचवली. तेव्हा माणशी एक कार्ड, हे लक्षात ठेवा. सहा वर्षांपर्यंतच्या नातवंडांना काही लागत नाही.

इथं बरीच वर्षं राहिलेलं कुणी सांगेल की मध्यवस्तीत प्रवास फुकट असतो. होता. १९७५ पासून. २०१२ मध्ये बंद झाला.

गाडी आली की दार आपोआप उघडेल म्हणून उभे राहू नका. मी राहिलो होतो, पिशवी सावरत, अगदी सभ्यपणे, आणि गाडी माझ्यासमोरून निघून गेली. दाराशी बटण असतं. ते पेटलं की दाबायचं, आतून उतरतानाही तेच. कधी ड्रायव्हर सगळी दारं एकदम उघडतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. आत दाराजवळच्या जागा म्हाताऱ्यांच्या. खुशाल बसा, लोक उठतात. प्रत्येक स्टेशनाचं नाव आधी इंग्रजीत, मग स्पॅनिशमध्ये पुकारतात आणि दार कुठल्या बाजूला उघडणार तेही सांगतात. गंमत म्हणजे गाडी स्वतःच बोलते, 'माझ्या उजवीकडची दारं' असं. हिला ते फार आवडतं. म्हणते, एसटीपेक्षा नम्र आहे.

गाडीच्या पाटीवर शेवटच्या स्टेशनाचं नाव असतं, आपल्या बसच्या पाटीसारखंच. पाटी वाचल्याशिवाय चढू नका, कारण लाल मार्गात एक सापळा आहे. पूर्वी लाल गाडी बीव्हर्टनलाच संपायची. ऑगस्ट २०२४ पासून ती ओरेन्कोवरून पुढं हिल्सबरोचा विमानतळ आणि जत्रेचं मैदान यांच्या शेजारच्या स्टेशनपर्यंत येते. म्हणजे लाल मार्गाच्या दोन्ही टोकांना विमानतळ! तुमचं भारताकडं जाणारं विमान सुटतं ते पूर्वेच्या टोकाला, पोर्टलंडच्या पीडीएक्सहून. पश्चिमेच्या टोकाला छोटी विमानं उडतात, प्रवासी कंपन्यांची नाहीत. आमच्या ओळखीचे एक काका दोन बॅगा घेऊन बीव्हर्टनहून उलट्या दिशेला बसले आणि जत्रेच्या मैदानाशी उतरून आभाळाकडं बघत राहिले. पाटीवर नुसतं 'एअरपोर्ट' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका, त्याआधी हिल्सबरो लिहिलंय का ते बघा. ओरेन्कोहून पीडीएक्सला दीड तास धरा. उलट शहरातून घरी येताना ओरेन्कोवाल्यांना निळी-लाल कुठलीही चालते. हिल्सबरो गावात उतरायचं असेल तर निळीच.

पहिली फेरी कुठली करावी? एकदम शहरात जाऊ नका. वॉशिंग्टन पार्कला जा. ओरेन्कोपासून दहावं स्टेशन. सनसेट स्टेशन सुटलं की गाडी बोगद्यात शिरते. खंबाटकीचा बोगदा इतक्या वेळा केलाय मी, पण हा तीन मैलांचा आहे आणि त्याच्या मध्यावर, जमिनीखाली दोनशे साठ फुटांवर, स्टेशन आहे. उत्तर अमेरिकेत इतकं खोल दुसरं नाही. उतरल्यावर लगेच लिफ्टकडं धावू नका. फलाटाच्या भिंतीवर काचेआड दगडाची एक लांबच लांब कांडी आडवी बसवली आहे. बोगदा खणण्याआधी डोंगराला भोक पाडून काढलेला तो नमुना, जसाच्या तसा, खाली वर्षं लिहिलेली. मी चष्मा पुसून जवळ गेलो तर काळाकुळकुळीत कातळ! आपल्या यवतेश्वरच्या घाटात दिसतो तोच. ज्वालामुखीच्या रसाचा, साधारण दीड-पावणेदोन कोटी वर्षांपूर्वीचा. आपला सह्याद्रीचा कातळ याच्याहून पुष्कळ म्हातारा, सहा-साडेसहा कोटींच्या घरातला. म्हणजे हा धाकटा भाऊ. काचेवर हात ठेवून मी तिथं दोन गाड्या सोडल्या. ही म्हणाली, इतक्या लांब येऊन दगडच बघायचा होता तर.

लिफ्टनं वर आलात की दारातच प्राणिसंग्रहालय. गुलाबांची बाग थोडी लांब आहे. तिथं उद्यानाची फुकट गाडी नेते. ही बाग १९१७ पासूनची. जूनमध्ये जा आणि डबा घेऊन जा.

या फेरीनंतर शहर अवघड वाटत नाही. ओरेन्कोहून पायोनियर स्क्वेअरला, म्हणजे पोर्टलंडच्या मध्यवस्तीतल्या मोठ्या चौकाला, पाऊण तास लागतो.

बसचं तंत्र थोडं वेगळं. सगळे थांबे विनंती थांबेच समजा. खांबापाशी उभं राहून हात दाखवायचा. खांबावर त्या थांब्याचा नंबर असतो. तो फोनमध्ये घातला की पुढची बस किती मिनिटांत येतेय ते कळतं. चढायचं पुढच्या दारानं, कार्ड ड्रायव्हरशेजारच्या यंत्राला टेकवायचं. रोख देणार असाल तर नेमके पैसे द्या, सुट्टे परत मिळत नाहीत. इथं मात्र मला आमचीच आठवण आली, सुट्ट्यांवरून किती भांडणं झालीत! गुडघे दुखत असतील तर ड्रायव्हरला सांगा, बसचं पुढचं तोंड खाली बसतं, बैल बसल्यासारखं. उतरायच्या आधीच्या थांब्यानंतर खिडकीजवळची दोरी ओढायची. दोरी बघून मला भरून आलं. जुन्या गाड्यांत आमची घंटीची दोरी अशीच होती. फक्त इथं ती प्रवाशाच्या हातात, आणि डबल बेल कुणी देत नाही.

आमच्या भागात दोन बस लक्षात ठेवा. ४८ नंबरची कॉर्नेल रस्त्यानं हिल्सबरो ते सनसेट जाते. ५७ नंबरची टीव्ही हायवेनं बीव्हर्टन, हिल्सबरो करत फॉरेस्ट ग्रोव्हपर्यंत, आणि दिवसाचा बहुतेक वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी असते. ज्या बसला एवढी वारंवारता नाही तिच्यासाठी घरून निघतानाच वेळ बघा. एक बस चुकली की अर्धा तास पावसात गेला म्हणून समजा, आणि पाऊस इथं ऑक्टोबरपासून मुक्कामालाच असतो.

उतरताना लोक मागच्या दारातूनसुद्धा ड्रायव्हरला मोठ्यानं 'थँक यू' म्हणतात. तुम्हीही म्हणा.

गाड्या उशिरा कधी होतात? हिवाळ्यात बर्फाचा थर वरच्या तारांवर गोठला की. कडक उन्हात त्याच तारा सैल पडतात, मग मॅक्स हळू चालवतात. जून २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत तर मॅक्स बंदच ठेवावी लागली होती. शहराच्या पूर्वेला जाताना स्टील ब्रिज लागतो. १९१२ चा दुमजली पूल, खालून मोठं जहाज आलं की वर उचलला जातो आणि मॅक्स मुकाट्यानं थांबते. विमान गाठायचं असेल त्या दिवशी त्यासाठी हातात अर्धा तास जास्त ठेवा. नसेल गाठायचं, तर उतरून पूल वर जाताना बघा. आम्ही बघितला. ही मोबाईलमध्ये शूटिंग करत होती आणि मी घड्याळ लावून फेरी किती मिनिटं लेट झाली ते मोजत होतो.