सायकल दुरुस्तीचा स्वस्त स्टँड घेताय? या चुका टाळा

पहिल्या पावसानंतर चेनवर चिखल बसला की आमच्या रविवारच्या राईडमध्ये कोणी ना कोणी विचारतंच, “दादा, घरी वापरायला स्वस्तातला एखादा रिपेअर स्टँड सांगा ना.” मी विचारतो, सायकल कोणती, सीटपोस्ट म्हणजे सीटखालचा दांडा किती जाडीचा, काम बाल्कनीत करणार की पार्किंगमध्ये? त्याचं उत्तर येत नाही. मोबाईलवरचा फोटो पुढे येतो. “हा साडेतीन हजारांत आहे, स्टारपण चांगले आहेत.” पुढच्या आठवड्यात स्टँड घरी येतो आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात तो माणूस सायकल घेऊन माझ्याकडे येतो.

गेली अकरा वर्षं मी पुण्यात घरच्या बाल्कनीत स्वतःच्या, मित्रांच्या आणि सोसायटीतल्या मुलांच्या सायकली दुरुस्त करतोय. स्वस्त स्टँडला माझा विरोध अजिबात नाही. माझा स्वतःचा ४,२०० रुपयांचा आहे आणि सात वर्षं झाली, अजून उभा आहे. पण स्वस्त घ्यायचा तर दोन गोष्टींवर डोळा ठेवावा लागतो: सायकल धरणारा जबडा आणि जमिनीवर टेकणारे पाय. हत्यारं ठेवायचा ट्रे, कापडी पिशवी, चुंबकाची वाटी यांवर भाळून घेतलेले स्टँड मी बरेच पाहिलेत, त्यांचे जबडे दुसऱ्या महिन्यात ढिले झालेलेही पाहिलेत.

सायकल न मोजता स्टँड घेणे

फूटपट्टी आधी, पैसे नंतर. सीटपोस्टचा व्यास बहुतेक वेळा त्याच्या खालच्या टोकाजवळ कोरलेला असतो. गिअरच्या सायकलींत २७.२, ३०.९ किंवा ३१.६ मिलिमीटर हे आकडे जास्त दिसतात. जुन्या काळ्या सायकलींचा सीटपोस्ट याहून बारीक असतो आणि काही स्वस्त जबडे तेवढे मिटतच नाहीत. सायकल गोल गोल फिरत राहते, मग लोक फडकं गुंडाळतात, फडकं सरकतं, सायकल खाली.

दुसरं माप म्हणजे सीटखाली उघडा दिसणारा दांडा. जबड्याला धरायला निदान आठ-दहा सेंटिमीटर जागा हवी. बुटक्या माणसाची किंवा लहान मुलाची सायकल असेल तर तेवढी जागा नसते. मी आधी दांड्याला फ्रेमच्या तोंडाशी इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारतो, मग सीट वर घेतो आणि काम झालं की टेपपाशी परत आणतो. सीटची उंची मिलिमीटरने चुकत नाही. मात्र दांड्यावर कमीत कमी किती भाग आत राहिला पाहिजे याची रेघ असते, ती बाहेर दिसेपर्यंत वर ओढायचं नाही.

वजन घरच्या काट्यावर कळतं. सायकल उचलून उभे राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा. रोड बाईक नऊ-दहा किलोची असेल, आपल्याकडची लोखंडी फ्रेमची, शॉकर लावलेली गिअर सायकल सोळा-सतरापर्यंत सहज जाते. इलेक्ट्रिक सायकल वीसच्या पुढे, तिची बॅटरी काढूनच स्टँडवर चढवा. खोक्यावर छापलेल्या “३० किलो” वर विसंबू नका. सायकलचा तोल सीटपोस्टच्या बराच पुढे असतो, त्यामुळे जबड्याच्या सांध्याला नुसतं वजन पेलायचं नसतं, पीळही पेलायचा असतो. त्या सांध्यात एकमेकांत बसणारे दाते आहेत का ते पाहा. नुसत्या घर्षणावर धरणारा सांधा असेल तर सायकलचं तोंड हळूहळू खाली झुकत जातं, कितीही आवळा.

फ्रेमला जबडा लावणे

ही चूक पाहिली की मला आजही वाईट वाटतं, कारण हिच्यात नुकसान भरून येत नाही.

आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाने पहिल्या नोकरीच्या पैशांतून जुनी कार्बन फ्रेमची रोड बाईक घेतली. घासाघीस करून, तीन-चार ठिकाणी फिरून घेतलेली. तिच्यासाठी स्टँड मागवला आणि पहिल्याच रविवारी सायकल वरच्या आडव्या दांड्याला, म्हणजे टॉप ट्यूबला, जबड्यात पकडून टांगली. का, तर सीटपोस्टवर मागचा दिवा आणि सीटखाली छोटी बॅग होती. ती काढायला दोन मिनिटं लागली असती. सायकल घसरतेय असं वाटलं म्हणून त्याने जबड्याची मूठ आणखी दोन वेढे आवळली. त्याने सांगितलेलं मला शब्दशः आठवतं: “दादा, टक् असा आवाज आला. वेफर मोडतो तसा.”

मी जाऊन पाहिलं तर रंगावर केसासारखी एक रेघ होती, बाकी काही नाही. नाणं घेऊन दांड्यावर टकटक करत गेलो. चांगल्या जागी आवाज खणखणीत आणि त्या रेघेच्या आसपास बसका, ओल्या लाकडावर वाजवल्यासारखा. ती सायकल त्याने पुन्हा चालवली नाही, मी चालवू दिली नाही.

कार्बनची टॉप ट्यूब चालवताना येणारा भार लांबीच्या दिशेने घेण्यासाठी बनवलेली असते. तिची भिंत पातळ असते. बाजूने दाबायला ती बनवलेलीच नाही. हलक्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमचंही तसंच, ती तडकत नाही, चेपते. जबडा लागला तर सीटपोस्टलाच लागला पाहिजे. सीटपोस्टही कार्बनचा असेल, किंवा गोल नसून चपटा असेल, तर एखादा जुना धातूचा त्याच मापाचा दांडा मिळवून फक्त कामापुरता बसवा. ज्या फ्रेममध्ये तो बसतच नाही, तिच्यासाठी जबड्याचा स्टँड घेऊच नका. पुढचं चाक काढून चिमटा अडकवायचा आणि सायकल पोटाखाली, क्रँकच्या म्हणजे पॅडलच्या दांड्यांच्या जागी, टेकवायची असे स्टँड येतात, ते घ्या. घेताना तुमच्या पुढच्या चाकाचा एक्सल, म्हणजे आस, साधा खटक्याने सुटणारा क्विक रिलीज आहे की आरपार जाणारा जाड थ्रू-एक्सल, हे बघून त्याचा अडॅप्टर सोबत आहे ना ते विचारा.

सीट बटणाने वर-खाली होणारा ड्रॉपर पोस्ट असेल तर त्याचा सरकणारा चकचकीत दांडा सोडून जाड भागालाच धरा. चकचकीत दांड्यावर जबडा लावला की ओरखडा पडतो आणि आतलं सील गळायला लागतं.

आणि घाई असलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: दिवा आणि बॅग काढा. ज्याला दोन मिनिटं नाहीत त्याने त्या दिवशी सायकल उघडू नये.

पाय कसेही पसरणे

यात चूक माझी स्वतःची होती, म्हणून सविस्तर लिहितो.

२०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे वेळेत बांधलेली लांब पल्ल्याची राईड, होती. साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते. आदल्या रात्री माझ्या मित्राच्या सायकलचे गिअर लावून द्यायचं मी कबूल केलं होतं. बाल्कनीत तीन पायांचा स्टँड उभा केला, सायकल टांगली, काम सुरू केलं. आपल्याकडच्या प्रत्येक बाल्कनीला पाणी जाण्यासाठी जाळीकडे उतार असतो, हे मला माहीत होतं, पण मी लक्ष दिलं नाही. सायकलचा भार दोन पायांच्या मधल्या फटीवर होता आणि तो अख्खा उताराच्या बाजूला. क्रँक फिरवत मी मागचा गिअर बदलला, सायकलला एक हेलकावा बसला आणि स्टँडसकट सगळं उजव्या अंगावर पडलं. उजवं अंग म्हणजे डिरेलरची, चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाची, बाजू.

उचलून पाहिलं तर ओरखड्यापलीकडे काही दिसलं नाही. परत टांगली, गिअर लावले, मागच्या चाकावरच्या लहान दातेरी चकत्यांवर सगळं सुरळीत चालत होतं. रात्रीचे साडेअकरा झाले होते. मित्र म्हणाला, “झालं ना? झोपू दे मला.” मी हो म्हटलं.

सकाळी जुन्या कात्रज घाटाच्या चढावर त्याने सगळ्यात हलका गिअर टाकला. डिरेलर ज्या कानाला लटकतो तो हँगर नरम ॲल्युमिनियमचा असतो, फ्रेम वाचावी म्हणून आधी तो वाकतो. आमच्या पडझडीत तो आतल्या बाजूला थोडासा वाकला होता. लहान चकत्यांवर ते कळत नाही. मोठ्या चकतीवर जाताच डिरेलरचा पिंजरा स्पोकमध्ये घुसला, चाक जागीच अडकलं, डिरेलर मुळापासून तुटला, तीन स्पोक गेले. तो चढावर होता, वेग नव्हता, म्हणून पडला नाही. हाच प्रकार उतारावर झाला असता तर काय, हा विचार मला अजून सोडत नाही. त्याची ब्रेव्हे तिथेच संपली.

तेव्हापासून मी काय करतो ते सांगतो. जबड्याची दिशा नेहमी एका पायाच्या बरोबर वर ठेवतो. दोन पायांचा घडीचा स्टँड असेल तर भार त्या दोन पायांच्या मध्ये, पायांच्याच बाजूला. उतार असेल तर सायकल चढाच्या अंगाला आणि खालच्या पायाखाली रबरी मॅटची घडी. सायकल टांगली की पान्याला हात लावण्याआधी सीटला चारही बाजूंनी हलकं ढकलून बघतो. मागचा पाय उचलला जात असेल तर त्याला पाच लिटरचा पाण्याचा कॅन अडकवतो. आणि सायकल उजव्या अंगावर पडली की, कितीही वाजलेले असोत, मागून उभं राहून हँगर सरळ आहे का ते बघितल्याशिवाय आणि सगळ्यात हलका गिअर फिरवून बघितल्याशिवाय ती कोणाच्या हातात देत नाही.

विकत घेतानाच पाय पूर्ण पसरून पाहा. मीटरभर तरी पसरले पाहिजेत. पाय आणि खांब जिथे आवळतात तिथली खटकी प्लास्टिकची असेल तर बाल्कनीच्या उन्हात ती दोन उन्हाळ्यांत तडकते. धातूची बघा.

स्टँडवर ताकदीची कामं करणे

गंजून बसलेलं पॅडल किंवा जाम झालेला बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरतो तो भाग) स्टँडवर सोडवायचा नाही. तिथे प्रश्न सायकलच्या वजनाचा नसतो, तुमच्या अंगाचं वजन लांब पान्यावर पडत असतं आणि ते सगळं त्या दातेरी सांध्यावर जातं. सायकल जमिनीवर ठेवा, दोन्ही चाकं टेकवा, मग जोर लावा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसताना जोर लावणारे बरेच जण माझ्याकडे आटे गेलेला क्रँक घेऊन आलेत.

गरज नसताना मोठा स्टँड घेणे

नव्याने सुरुवात करणाऱ्याला नव्वद टक्के वेळा चेन धुवायची असते आणि गिअर लावायचे असतात. त्यासाठी मागचं चाक चार बोटं उचललं तरी पुरतं. मागच्या एक्सलला किंवा चेनस्टेला, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या दांड्याला, अडकवायचा छोटा लोखंडी स्टँड घ्या. तो थोड्या पैशांत येतो, कपाटाच्या मागे मावतो. त्यावर मागचं चाक काढता येत नाही आणि वाकून बसावं लागतं, एवढीच त्याची मर्यादा. एक्सलच्या टोकांना धरणारा प्रकार थ्रू-एक्सलच्या सायकलला सहसा बसत नाही आणि डिस्क ब्रेक असेल तर हूक कॅलिपरला, म्हणजे ब्रेकच्या चिमट्याला, घासत नाही ना, ते लावून बघा.

घरात झोपाळ्याच्या कड्या असतील तर त्याहूनही सोपं. दोन जाड दोऱ्या, एक सीटच्या पुढच्या टोकाला, एक हँडलच्या मध्यापाशी. गल्लीतले मिस्त्री पिढ्यान् पिढ्या सायकली अशाच टांगत आलेत. झुलते, पण चेन धुवायला उत्तम.

भिंतीवर ठोकायचा जबडा जागा वाचवतो, पण भिंत कोणती ते आधी बघा. नव्या इमारतींतल्या हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत साधा प्लास्टिकचा गट्टू ठोकलात तर पंधरवड्यात तो प्लॅस्टरसकट बाहेर येतो. काँक्रीटचा कॉलम शोधा.

महागड्या स्टँडबद्दलही विचारतात. निळ्या हत्यारांची पार्क टूल ही कंपनी १९६३ साली अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका सायकल दुकानातून उभी राहिली, आणि तिचं पहिलं उत्पादन स्टँडच होतं. तसा स्टँड आयुष्यभर जातो. रोज दहा सायकली हाताळणाऱ्याने तो जरूर घ्यावा. महिन्यातून दोनदा चेन पुसणाऱ्याने तेवढे पैसे चांगल्या ॲलन की, चेन मोजायची पट्टी आणि एका टॉर्क रेंचवर (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) घालावेत.

किरकोळ, पण रोजच्या

सायकल उलटी करून हँडल-सीटवर उभी करणं ही पंक्चरपुरती सोय आहे. गिअर लावायला ती पद्धत वापरू नका, गिअरच्या मुठी आणि घंटी घासतात आणि सगळं उलटं दिसत असल्यामुळे स्क्रू चुकीच्या दिशेने फिरतो.

जबडा घसरतोय? आवळू नका. सीटपोस्ट आणि जबड्याचं रबर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करा. चेनचं तेल तिथे पोचलेलं असतं.

रबर फाटलं तर जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा.

पुढचं चाक डावी-उजवीकडे वळत राहत असेल तर ते डाउन ट्यूबला, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या दांड्याला, एका पट्ट्याने बांधा.

उंची अशी ठेवा की मागच्या चकत्या तुमच्या कोपरांच्या पातळीला येतील.

सायकल रात्रभर स्टँडवर सोडू नका, घरात मूल किंवा मांजर असेल तर पाच मिनिटंही नाही.

पावसाळ्यात स्टँड बाल्कनीत भिजू देऊ नका. जबड्याच्या स्क्रूला जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये ग्रीसचं एक बोट फिरवा.

काम संपल्यावर जबडा उघडताना डावा हात टॉप ट्यूबखाली गेलेला असू दे, सायकलचं वजन हातावर येऊ दे, आणि मगच उजव्या हाताने मूठ सोडा.