रावसाच्या गळाला सहाजण जाताना

वर्सोव्याहून मित्रांना होडीने गळाला नेतो, तेव्हा मी आधी तिथी बघतो. अमावस्या-पुनवेच्या उधाणाला पाणी इतकं ओढतं की दोरीला बांधलेलं शिसं तळाला ठरत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी, तेव्हा जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी, त्या दिवसांत तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, गळ घालू नका.

रावसाला इंडियन सामन म्हणतात, पण खरा सामन थंड पाण्यातला, कूळच वेगळं. रावसाच्या छातीच्या पराखाली सुट्या दोऱ्या असतात. गढूळ पाण्यात तो त्यांनी चाचपत भक्ष्य शोधतो. म्हणून आमिष ताजी कोळंबीच हवी, जिवंत मिळाली तर सोनं. शेपटीकडून टोचा, म्हणजे ती हलत राहते. भाकस हवा असेल तर शिसं तळाला टेकवून हातभर उचला; तो चपटा मासा वाळूत पडून वाट बघतो.

सहाजणांत मुख्य भांडण गळाच्या दोऱ्यांचं. तिघे डावीकडे, तिघे उजवीकडे बसवा. एकाला मासा लागला की बाकीच्यांनी दोऱ्या लगेच वर घ्यायच्या. गेल्या माघात एकाने ऐकलं नाही, गुंता झाला आणि चांगला रावस सुटला. अजून हळहळतो मी. लाईफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येणाऱ्यांनाही. वीतभर पिल्लू लागलं तर ओल्या हाताने सोडा.