क्रिप्टोलेमस भुंगेरे वाढवायचेत? मग आधी पिठ्या पाळायला शिका

ज्या किडीच्या नावाने आपण बोटं मोडतो तीच हौसेने पाळायची, हे सुरुवातीला डोक्यात बसतच नाही. पण क्रिप्टोलेमस हा ढालकिड्यांच्या कुळातला, पिठ्या ढेकणावर (झाडाचा रस शोषणारी पांढरी, मेणकट कीड) जगणारा, आणि त्याची मादी पिठ्याच्या त्या कापसासारख्या अंडीपुंजक्यात किंवा त्याच्या आसपासच अंडी घालते, पुंजके नसले की हात आखडता घेते. म्हणजे खरी मेहनत पिठ्या वाढवण्याची, भुंगेरे मागून येतातच. किडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९१ च्या सुमारास कीटकशास्त्रज्ञ अल्बर्ट कोबेले याने तो लिंबूवर्गीय बागांतल्या पिठ्यासाठी कॅलिफोर्नियात नेला आणि तिथून जगभर पसरला.

पिठ्यासाठी लाल भोपळा घ्या, पिकलेला, देठासकट आणि खोल खाचा असलेला. गुळगुळीत भोपळा नको, पिल्लं खाचेतच ठाण मांडतात. धुवा, लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून सावलीत कोरडा करा, आणि कुठे खरचटलेलं असेल तिथे वितळलेलं पॅराफिन मेण लावा, नाहीतर तिथूनच सडायला लागतो आणि सडका भोपळा म्हणजे महिन्याची मेहनत पाण्यात. हातमोजे घाला, औषध ते औषधच.

मग भोपळ्यावर पिठ्याचे अंडीपुंजके ठेवायचे आणि बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, काळोख्या खोलीत ठेवून द्यायचं. १५ ते २० दिवसांत भोपळा पांढरा दिसायला लागतो. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या चिकट गोड स्रावासाठी येणारच येणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिठ्याची खोली आणि भुंगेऱ्यांची खोली वेगळी हवी आणि दिवसाचं काम नेहमी पिठ्याकडून भुंगेऱ्यांकडे, उलट कधीच नाही. मी पहिल्यांदा भुंगेरे हाताळून तसाच पिठ्याच्या पिंजऱ्यात हात घातला, बाहीवर एखादी मादी बसून गेली असणार, कारण तीन आठवड्यांनी बघतो तर निम्म्या भोपळ्यांवर भुंगेऱ्यांच्या अळ्या फिरतायत आणि पुढच्या बॅचसाठी बियाणंच शिल्लक नाही! तेव्हापासून कपडे झटकल्याशिवाय त्या खोलीत पाय ठेवत नाही.

भोपळा तयार झाला की उजेडाच्या खोलीत आणा आणि साधारण १०० भुंगेरे २४ तास सोडा, मग काढून पुढच्या भोपळ्यावर. भुंगेरे कोषातून निघाल्यावर १०-१५ दिवस एकत्र ठेवलेले असावेत, म्हणजे मिलन होऊन माद्या अंडी घालायला तयार असतात. नर-मादी बघायचे तर पुढची पायाची जोडी बघा, नराची पिवळट तपकिरी, मादीची काळपट.

भुंगेऱ्यांचं खाद्य घरी बनतं: ७० मिली पाण्यात २० ग्रॅम साखर उकळा, १ ग्रॅम अगर पावडर घाला, उकळी आली की ३० मिली पाण्यात कालवलेला ४० मिली मध ओता, आणि गरम असतानाच प्लास्टिकच्या छोट्या पांढऱ्या तुकड्यांवर थेंब टाका. गार झालं की घट्ट होतं, त्यात भुंगेरे चिकटून मरत नाहीत, जे नुसत्या मधात हमखास होतं.

आठवडाभरात अळ्या दिसतात. आधी पिठ्याची अंडी, बारीक पिल्लं खातात, मोठ्या झाल्या की समोर येईल ते. खाद्य कमी पडलं तर एकमेकींना खायलाही मागेपुढे बघत नाहीत, म्हणून पिठ्या विरळ असलेला भोपळा वापरूच नका, लोकं इथेच कंजूषपणा करतात. मग कोष, आणि साधारण ३० दिवसांनी नवे भुंगेरे बाहेर. एका चांगल्या भोपळ्यावरून दीडशेच्या वर निघतात. उजेडाच्या बाजूला जमतात, तिथूनच अलगद गोळा करायचे. तापमान २५ ते २८ अंशाच्या आसपास असलं की सगळं वेळेत होतं, गारठ्यात काम मंदावतं.

शेतात संध्याकाळी सोडा, आणि जिथे पिठ्या बऱ्यापैकी आहे त्याच झाडांवर, तुरळक असेल तर उडून जातात. त्याआधी खोडावर मुंग्यांना अडवा, त्या पिठ्याची राखण करतात आणि अळ्यांना टिकू देत नाहीत. कीटकनाशक मारलेलं असेल तर तीन-चार आठवडे थांबाच.

आणि बागेत काम करणाऱ्या प्रत्येकाला अळी दाखवून ठेवा. अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या असतात, हुबेहूब पिठ्यासारखी दिसते, त्यामुळे दिसली की चिरडली असंच होतं. फरक एवढाच, ती पिठ्याहून बरीच मोठी असते आणि काडीने डिवचली की तुरुतुरु पळते, पिठ्या जागचा फारसा हलत नाही.