पावसाआधी दाराखालची भोकं मोकळी करा

गॅरेज नाही, गाडी गल्लीतच उभी, त्यात कोल्हापूरचा पाऊस! मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीचं दार सडतं ते आतून. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरणारच. ते बाहेर पडायला खालच्या कडेला बारीक भोकं असतात. माती-कचऱ्यानं ती बुजली की पाणी आतच साचतं. दार हलवताना डबडब आवाज आला तर समजून जा.

खराट्याची काडी घालून भोकं मोकळी करा. तार नको, रंग खरवडतो आणि तिथूनच गंज धरतो. मग बंद काचेवर तांब्याभर पाणी ओता. खालून धार लागली की झालं. वायपरखालच्या जाळीतली पानंही काढा. पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तर मात्र उद्यमनगरातलं पत्र्याचं काम करणारं गॅरेज गाठायचं, घरी लांबी (पुट्टी) भरून काही टिकत नाही.